खरेदी, परवाना आणि मालकी : एका पोलिश दुकानाचा इतिहास

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

शेतमालाचे भाव, गिरण्यांच्या जमिनी, कंत्राटी कामगारांचे वेतन हे आपल्या नित्याच्या चर्चेचे विषय. त्या जागी संगणकावरचे खेळ विकणाऱ्या एका दुकानाविषयी बोलणे हे काहींना विषयांतर वाटेल. परंतु मालमत्ता कोणाची आणि कोणत्या अटींवर, हा समाजवादी विचाराच्या गाभ्याचा प्रश्न आहे. आणि गेल्या पंचवीस वर्षांत मालमत्तेच्या स्वरूपात जो एक मोठा बदल फारसा गाजावाजा न होता घडून आला, तो या खेळांच्या व्यापारात जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसतो.

पूर्वी माणूस दुकानात जाई, पैसे देई, वस्तू घरी आणी आणि ती वस्तू त्याची होई. पुस्तक असो की ग्रामोफोनची तबकडी, ती तो मित्राला देऊ शके, जुन्या बाजारात विकू शके, मुलांसाठी मागे ठेवून जाऊ शके. आज आपण पडद्यावरील ‘खरेदी करा’ या शब्दांवर बोट ठेवतो, पूर्ण किंमत मोजतो, आणि आपल्या हाती येतो तो बहुधा केवळ एक परवाना. तो परवाना देणारा तो मागेही घेऊ शकतो. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉन कंपनीने आपल्या वाचन-यंत्रांवरून काही ग्राहकांनी विकत घेतलेली दोन पुस्तके त्यांना न विचारता दूरवरून पुसून टाकली. त्यांचे पैसे परत केले, हे खरे. पण पुस्तके गेली ती गेलीच. ही दोन पुस्तके जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ होती, हा योगायोग अनेकांच्या लक्षात राहिला. त्याच सुमारास पोलंडच्या राजधानीत एक दुकान नेमकी उलटी प्रतिज्ञा करून उभे होते : आम्ही विकलेल्या वस्तूला कुलूप असणार नाही, एकदा घेतलेली वस्तू तुमची. त्या दुकानाचे नाव ‘गुड ओल्ड गेम्स’, पुढे संक्षेपाने ‘गॉग’. त्याची प्रतिज्ञा कोठवर टिकली, कोठे वाकली, आणि त्यातून आपण काय घ्यायचे, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

हे दुकान पोलंडमध्येच का निघाले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १३ डिसेंबर १९८१ रोजी जनरल यारुझेल्स्की यांनी पोलंडमध्ये लष्करी कायदा पुकारला. ‘सॉलिडॅरिटी’ ही कामगारांची स्वायत्त संघटना मोडून काढणे हा त्याचा हेतू होता. त्या दशकातील पोलंड म्हणजे रांगांचा आणि टंचाईचा देश. पाश्चात्त्य राष्ट्रांनी पूर्व युरोपला प्रगत यंत्रसामग्री विकण्यावर निर्बंध घातलेले, आणि देशातील सरकारला स्वतंत्रपणे विचार करणाऱ्या नागरिकांचे भय. तरीही संगणक आले. डॉलर घेऊन विकणारी ‘पेवेक्स’ नावाची सरकारी दुकाने होती, त्यांत काही घरगुती संगणक मिळत. १९८५ मध्ये ‘बायटेक’ नावाचे संगणकविषयक नियतकालिक सुरू झाले. रेडिओवरून संगणकाच्या आज्ञावली ध्वनिरूपात प्रक्षेपित होत आणि मुले त्या कॅसेटवर उतरवून घेत. परंतु खेळांचा अधिकृत असा व्यापार जवळजवळ नव्हताच. एकाने मिळवायचे आणि शंभरांनी उतरवून घ्यायचे, हीच तेथील रीत होती. ज्या देशात निषिद्ध साहित्य हातोहात छापून वाटले जात होते, त्या देशात प्रत काढणे ही गोष्ट कोणाला चोरी वाटली नाही, यात नवल नाही.

१९८९ मध्ये राजवट बदलली आणि १ जानेवारी १९९० पासून बाल्त्सेरोविच योजनेनुसार बाजारपेठ एका झटक्यात मोकळी करण्यात आली. कारखाने बंद पडले. १९९३ च्या अखेरीस बेकारी सोळा टक्क्यांवर गेली. जुनी नियंत्रणे गेली होती आणि नवे नियम आले नव्हते, अशा त्या संधिकालात वॉर्सामधील ग्झिबोव्स्का रस्त्यावरच्या एका शाळेत सुट्टीच्या दिवशी संगणकाचा बाजार भरे. आमच्या लॅमिंग्टन रोडवरील पदपथ ज्यांनी नव्वदच्या दशकात पाहिले आहेत, त्यांना या बाजाराचे चित्र सहज डोळ्यांसमोर आणता येईल. वॉर्साच्या अशाच बाजारात पाश्चात्त्य खेळांच्या प्रती विकणारी दोन शाळकरी मुले होती : मार्चिन इव्हिन्स्की आणि मिहाऊ किचिन्स्की. ४ फेब्रुवारी १९९४ रोजी पोलंडचा नवा लेखनाधिकार कायदा झाला आणि संगणकाच्या आज्ञावलींना प्रथमच स्पष्ट संरक्षण मिळाले. अमेरिकेशी १९९० मध्ये झालेल्या व्यापारी कराराचा दबाव त्यामागे होता, हेही नमूद केले पाहिजे. त्याच वर्षी मे महिन्यात या दोघांनी सुमारे दोन हजार डॉलरच्या भांडवलावर, एका मित्राने बिनभाड्याने दिलेल्या खोलीत ‘सीडी प्रोजेक्ट’ ही कंपनी काढली.

कायदा झाला म्हणून बाजार बदलला नाही. चोरटी प्रत बाजारात मिळतच होती, तीही फार स्वस्त. मग लोकांनी अधिकृत प्रत का घ्यावी? या प्रश्नाला या दोघांनी दिलेले उत्तर महत्त्वाचे आहे. ‘बाल्डर्स गेट’ हा कॅनडात तयार झालेला, मजकुराने भरलेला प्रचंड खेळ त्यांनी १९९९ मध्ये संपूर्ण पोलिश भाषेत आणला. प्योत्र फ्रोन्चेव्स्की यांच्यासारख्या नामवंत नटाकडून निवेदन करून घेतले. पेटीत नियमांचे पुस्तक आणि संगीताची तबकडी घातली. पहिल्याच दिवशी सुमारे अठरा हजार प्रती बाजारात गेल्या; त्या काळच्या पोलंडच्या मानाने हा आकडा फार मोठा होता. लोकांना स्वतःच्या भाषेत, नीट केलेली वस्तू मिळाली तर ते पैसे द्यायला तयार असतात, हा त्यातला धडा. मराठीतील प्रकाशन-व्यवसायानेही तो ध्यानात घेण्याजोगा आहे. पोलीस आणि कुलपे यांच्यापेक्षा चांगली वस्तू आणि ग्राहकाचा मान यांनी चोरटा व्यापार अधिक हटतो, हे त्यांनी अनुभवाने जाणले, आणि पुढच्या दुकानाचा पाया तोच ठरला.

याच सुमारास अमेरिकेत वारा वेगळ्या दिशेने वाहत होता. ‘वाल्व’ नावाच्या कंपनीने १२ सप्टेंबर २००३ रोजी ‘स्टीम’ ही व्यवस्था सुरू केली. नोव्हेंबर २००४ मध्ये तिचा ‘हाफ-लाइफ २’ हा खेळ निघाला तेव्हा दुकानातून तबकडी विकत आणणाऱ्यालाही स्टीमवर खाते उघडल्याशिवाय तो खेळता येईना. म्हणजे वस्तू घरात, पण तिची किल्ली कंपनीच्या हातात. पुढे इतर कंपन्यांनीही आपला माल याच दुकानातून विकण्यास आरंभ केला. खेळ करणाऱ्याने विक्रीच्या उत्पन्नातून साधारण तीस टक्के दुकानाला द्यायचे, अशी प्रथा पडली. पाहता पाहता संगणकीय खेळांच्या बाजारात स्टीमला जवळपास मक्तेदाराचे स्थान मिळाले. ग्राहकाला सोय मिळाली, स्वस्ताईचे मोसम मिळाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मक्तेदारी बहुधा सोयीच्या वाटेनेच घरात शिरते. परंतु ज्या संग्रहावर माणसाने वर्षानुवर्षे पैसे घातले, तो संग्रह एका खाजगी कंपनीच्या मर्जीवर टिकून राहिला.

या कुलपांचे तंत्र थोडक्यात सांगतो. खेळ सुरू करताना संगणक कंपनीच्या सर्व्हरला विचारतो : या माणसाला परवानगी आहे काय? होकार आला तर खेळ चालतो. सर्व्हर बंद पडला, कंपनी बुडाली, किंवा खाते गोठवले, तर खेळ मुका होतो. विनोद असा की चोरट्या प्रतीतून हे कुलूप आधीच काढलेले असते. त्यामुळे त्याचा जाच पैसे देऊन घेणाऱ्या प्रामाणिक ग्राहकालाच होतो.

सप्टेंबर २००८ मध्ये सीडी प्रोजेक्टने ‘गुड ओल्ड गेम्स’ हे दुकान चाचणीरूपात उघडले. किमती दोनच, सुमारे सहा डॉलर आणि सुमारे दहा डॉलर. आणि जगात कोठेही राहणाऱ्यास त्या सारख्याच. विकायचे ते जुने, बाजारातून नाहीसे झालेले खेळ. एकदा फाइल उतरवून घेतली की ती ग्राहकाची. तबकडीवर भरून ठेवा, इंटरनेट नसलेल्या खेड्यातल्या संगणकावर चालवा, दुकानाला विचारण्याची गरज नाही. आरंभी ‘इंटरप्ले’ आणि ‘कोडमास्टर्स’ या कंपन्यांनी आपले खेळ दिले. मोठ्या कंपन्या कुलपाशिवाय माल देण्यास बिचकत होत्या. पण हळूहळू त्याही आल्या. मार्च २०१२ मध्ये दुकानाने ‘जुने’ ही मर्यादा सोडली, नाव ‘गॉग’ एवढेच ठेवले आणि नवे खेळही विकण्यास घेतले.

या व्यवहाराच्या दोन बाजू मला विशेष उद्बोधक वाटतात. पहिली श्रमाची. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा खेळ आजच्या संगणकावर आपोआप चालत नाही. तो चालवण्यासाठी जुन्या संगणकाची नक्कल करणारी आज्ञावली लागते. गॉगने विकलेले बरेचसे जुने खेळ ‘डॉसबॉक्स’ आणि ‘स्कमव्हीएम’ या आज्ञावलींच्या आधारावर चालतात. आणि या दोन्ही आज्ञावली २००० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत जगभरच्या स्वयंसेवकांनी, मोबदला न घेता, सर्वांना खुल्या राहतील अशा परवान्याखाली निर्माण केल्या. कंपन्यांनी टाकून दिलेला वारसा लोकांनी आपल्या श्रमाने जपला आणि मग त्या श्रमावर व्यापार उभा राहिला. यात बेकायदेशीर काही नाही. त्या स्वयंसेवकांनी ती मुभा स्वतःच दिली होती. परंतु ‘खाजगी उद्योजकता नसती तर हे खेळ नामशेष झाले असते’ असे कोणी म्हणाले, तर त्याला ही हकिगत सांगावी.

दुसरी बाजू मालकीहक्काच्या गुंतागुंतीची. ‘सिस्टिम शॉक २’ हा १९९९ सालचा नावाजलेला खेळ. तो तयार करणारी कंपनी २००० साली बंद पडली आणि त्याच्या हक्कांतील मोठा वाटा फिरत फिरत एका विमा कंपनीच्या हाती गेला. विमा कंपनीला खेळाशी काय कर्तव्य? तेथे तो बारा वर्षे पडून राहिला. २०१२ मध्ये एका तरुण रसिकाने त्या विमा कंपनीला गाठले, हक्क मिळवले, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तो खेळ गॉगवर पुन्हा विक्रीस आला. याउलट ‘नो वन लिव्ह्‌ज फॉरएव्हर’ या तितक्याच नावाजलेल्या खेळाचे हक्क तीन बड्या कंपन्यांत असे विखुरले की तो पुन्हा विक्रीस आणण्याचे प्रयत्न फसले. पडीक जमिनीचा सातबारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा प्रकार परिचित वाटेल : कसणारा तयार, घेणारा तयार, पण कागदावरच्या नावांमुळे जमीन ओसाड. अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले की २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात रीतसर मिळेनासे झाले आहेत. म्हणजे हक्क राखून ठेवणारे आहेत, पण ती कृती लोकांपर्यंत पोचवण्याचे कर्तव्य मात्र कोणावरच नाही.

आता प्रतिज्ञा कोठे वाकली, ते पाहू. दुकानाची केवळ स्तुती करण्यासाठी आपण येथे जमलेलो नाही.

१९ सप्टेंबर २०१० रोजी ग्राहकांनी पाहिले तर दुकान बंद. सध्याच्या स्वरूपात ते चालवणे शक्य नाही, एवढाच निरोप होता. चार दिवसांनी चालकांनी संन्याशांचे झगे घालून जाहीर केले की हे सारे प्रसिद्धीसाठी केलेले नाटक होते, आणि क्षमाही मागितली. नाटक अभिरुचिहीन होतेच. पण त्या चार दिवसांत पुष्कळांना एक सत्य उमगले. ज्यांनी फाइली घरी उतरवून ठेवल्या होत्या त्यांचे काही बिघडले नाही. ज्यांनी दुकानावर भरवसा ठेवून त्या तेथेच राहू दिल्या होत्या, ते हात चोळत बसले. कुलूप नसलेले दुकानसुद्धा शेवटी दुसऱ्याचे दुकान असते.

मे २०११ मध्ये सीडी प्रोजेक्टचा स्वतःचा ‘द विचर २’ हा खेळ निघाला. गॉगवर तो कुलपाविना मिळत होता, तर पेटीतून विकल्या जाणाऱ्या प्रतीला कुलूप होते. ते लवकरच काढण्यात आले. परंतु त्याच वर्षी जर्मनीत, खेळ चोरून उतरवल्याचा ज्यांच्यावर संशय होता अशा व्यक्तींना वकिलांच्या नोटिसा जाऊ लागल्या आणि त्यांत शेकडो युरोंची मागणी होती. ग्राहकावर विश्वास ठेवा असे सांगणारी कंपनी एकीकडे, आणि संशयावरून दंड मागणारी तीच कंपनी दुसरीकडे. ओरड झाली, आणि जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने हा उद्योग बंद केल्याचे जाहीर केले.

सर्व जगाला एकच किंमत हे दुसरे तत्त्व. फेब्रुवारी २०१४ मध्ये काही नव्या खेळांसाठी देशागणिक वेगळी किंमत लावण्याचे दुकानाने ठरवले. ग्राहकांनी निषेधाचा भडिमार केला आणि पुढच्याच महिन्यात माघार घ्यावी लागली. मग तडजोड निघाली : ज्या देशात किंमत अधिक पडेल तेथील ग्राहकाला फरकाची रक्कम दुकानातील जमेच्या रूपाने परत. मार्च २०१९ अखेर तीही बंद झाली. खेळ करणाऱ्यांना द्यावा लागणारा वाटा वाढला असून हा खर्च आता झेपत नाही, असे कारण देण्यात आले. समान किंमत म्हणजेच समता, असे मी म्हणणार नाही. दहा डॉलर अमेरिकेतील कामगाराला आणि आपल्याकडील कामगाराला सारखे नसतात. मुद्दा इतकाच की दिलेले वचन नफ्याच्या हिशेबात बसेपर्यंतच टिकले.

डिसेंबर २०२० मधील प्रसंग याहून गंभीर आहे. तैवानमधील ‘रेड कँडल गेम्स’ या लहानशा संस्थेचा ‘डिव्होशन’ नावाचा खेळ होता. त्यातील भिंतीवरच्या एका चित्रात चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांची थट्टा आढळल्याने २०१९ मध्ये मोठा गदारोळ झाला आणि खेळ बाजारातून मागे घेण्यात आला. १६ डिसेंबर २०२० रोजी हा खेळ आता गॉगवर येणार अशी घोषणा झाली, आणि काही तासांतच, ‘खेळाडूंकडून अनेक निरोप आल्यामुळे’ तो न विकण्याचे दुकानाने ठरवले. हे खेळाडू कोण, त्यांचे निरोप काय, याचा खुलासा झाला नाही. ज्या देशात एकेकाळी अभिवेक्षणाविरुद्ध गुप्त छापखाने चालत, त्या देशातील दुकानाने एका बलाढ्य बाजारपेठेची नाराजी नको म्हणून एक कलाकृती परत फिरवली, असाच त्याचा अर्थ बहुतेकांनी लावला. पोलीस आले नाहीत, हुकूम निघाला नाही. बाजारानेच अभिवेक्षकाचे काम केले. त्या तैवानी संस्थेने २०२१ मध्ये स्वतःचे छोटे दुकान काढून, कुलपाविना, आपला खेळ विकण्यास आरंभ केला, हे आपण समाधानाने नोंदवू.

सप्टेंबर २०२१ मध्ये ‘हिटमॅन’ हा खेळ गॉगवर आला. त्यातील बराच भाग इंटरनेटवरून सर्व्हरशी जोडल्याशिवाय उघडत नव्हता. म्हणजे कुलूप मागच्या दाराने आत आले होते. ग्राहकांनी कडक शब्दांत अभिप्राय लिहिले, पैसे परत मागितले, आणि ८ ऑक्टोबर रोजी दुकानाने तो खेळ काढून टाकला. २०१४ आणि २०२१ या दोन प्रसंगांतून हे दिसते की प्रतिज्ञेचे रक्षण चालकांच्या सद्भावनेपेक्षा जागृत ग्राहकांनी अधिक केले.

परंतु ग्राहकांच्या हक्काची चर्चा करताना वस्तू निर्माण करणारे हात आपण विसरता कामा नये. याच कंपनीच्या ‘सायबरपंक २०७७’ या खेळासाठी, सक्ती करणार नाही असे आधी सांगूनही, सप्टेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांना आठवड्याचे सहा दिवस काम करण्यास भाग पाडले गेल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. १० डिसेंबर २०२० रोजी खेळ बाहेर पडला तो इतका सदोष की आठवडाभरात सोनी कंपनीने तो आपल्या दुकानातून काढला. गॉगमधूनही २०१९ च्या आरंभी सुमारे डझनभर लोकांना कमी करण्यात आले होते. जुलै २०२३ मध्ये सीडी प्रोजेक्टने खेळ तयार करणाऱ्या विभागातील सुमारे शंभर जागा कमी करण्याचे जाहीर केले. त्या सुमारास तेथील कर्मचाऱ्यांनी पुढाकार घेतला आणि त्या वर्षी पोलंडमध्ये खेळ-उद्योगातील कामगारांची संघटना उभी राहिली. ग्दान्स्कच्या गोदीतील कामगारांच्या देशात संगणकापुढे बसणाऱ्या सुशिक्षित तरुणांना आपण ‘कामगार’ आहोत हे कळावयास इतकी वर्षे लागली, हे खेदाचे. पण कळले, हे महत्त्वाचे. आपल्या पुण्या-मुंबईतील, हिंजवडीतील तरुणांनीही या घटनेकडे पाहावे.

लेखकाचीही एक हकिगत आहे. ‘द विचर’ हे खेळ आंजेय साप्कोव्स्की यांच्या कथांवर आधारलेले. खेळाला काही भवितव्य आहे असे न वाटल्याने त्यांनी नफ्यातील वाटा नाकारून ठरावीक रक्कम घेतली होती. पुढे खेळ जगभर गाजले. २०१८ मध्ये त्यांनी ६ कोटी झ्लॉटींची मागणी केली. १९९४ च्या त्याच लेखनाधिकार कायद्याच्या ४४ व्या कलमानुसार, लेखकाला मिळालेला मोबदला आणि हक्क घेणाऱ्याला झालेला लाभ यांत घोर तफावत असेल, तर लेखक न्यायालयाकडे वाढ मागू शकतो. प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले आणि डिसेंबर २०१९ मध्ये नवा करार झाला. ज्या कायद्याने कंपनीला जन्म दिला त्याच कायद्यात दुर्बळ पक्षासाठी एक आधार ठेवलेला होता. कायदा कसा लिहिला जातो याला किती महत्त्व आहे, हे यावरून दिसते.

आणि आता मुख्य प्रश्न कायद्याकडेच वळला आहे. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये असा कायदा केला की ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर विक्रेत्याने ते स्पष्ट सांगितलेच पाहिजे. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. जी फाइल कायमची उतरवून ठेवता येते, तिला हे बंधन नाही. ३१ मार्च २०२४ रोजी ‘युबीसॉफ्ट’ कंपनीने ‘द क्रू’ या खेळाचे सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला खेळ लाखोंच्या घरी निरुपयोगी झाला. त्यातून एक चळवळ उभी राहिली. विकलेला खेळ बंद करताना तो चालू राहील अशी व्यवस्था कंपनीने करून दिली पाहिजे, या मागणीच्या निवेदनावर जुलै २०२५ पर्यंत युरोपातील दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. उलट, ग्रंथालयांना दुर्मिळ झालेले खेळ अभ्यासकांना दूरस्थ पद्धतीने दाखवण्याची मुभा द्यावी ही मागणी अमेरिकेच्या लेखनाधिकार कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. पारडे अद्याप कंपन्यांच्याच बाजूला आहे.

गॉगने नोव्हेंबर २०२४ मध्ये शंभर खेळांपासून जतनाची एक योजना सुरू केली : हे खेळ पुढच्या संगणकांवरही चालतील अशी काळजी आम्ही घेऊ, असे वचन त्यात आहे. आणि डिसेंबर २०२५ च्या अखेरीस सीडी प्रोजेक्टने हे दुकान आपल्या संस्थापकांपैकी एक, मिहाऊ किचिन्स्की, यांना सुमारे ९ कोटी झ्लॉटींना विकून टाकले. म्हणजे कुलूप न लावण्याचे व्रत आता एका व्यक्तीच्या हाती आहे. त्या व्यक्तीच्या हेतूविषयी शंका घेण्याचे मला कारण नाही. परंतु ज्या दुकानाला विकता येते, त्याचे व्रतही त्याबरोबर विकले जाऊ शकते.

मित्रहो, या इतिहासातून मी तीन निष्कर्ष काढतो.

पहिला असा की, कुलपाशिवाय धंदा होतच नाही, हा बड्या कंपन्यांचा दावा खोटा आहे. सतराहून अधिक वर्षे एक दुकान कुलपाशिवाय चालले, कधी नफ्यात, कधी तोट्यात, पण चालले.

दुसरा असा की, सज्जन व्यापारी हा हक्काला पर्याय नव्हे. उदार जमीनदाराच्या काळात कूळ सुखी असते, पण कूळकायदा त्यामुळे अनावश्यक ठरत नाही. आपल्याकडील १९५७ च्या लेखनाधिकार कायद्यात, आज्ञावलीची प्रत रीतसर बाळगणाऱ्याला ती नष्ट होऊ नये म्हणून जादा प्रत करून ठेवण्याची मुभा आहे. परंतु वस्तूला कुलूपच असेल तर ही मुभा कागदावर राहते. आणि २०१२ च्या दुरुस्तीने, हक्कभंगाच्या उद्देशाने असे कुलूप तोडणे हा गुन्हा ठरवला, पण कुलूप लावणाऱ्यावर किल्ली देण्याचे कर्तव्य काही ठेवले नाही. ‘विक्री’ हा शब्द वापरणाऱ्याने खरोखर विक्री केली पाहिजे, आणि सेवा बंद करताना ग्राहकाची वस्तू चालू स्थितीत त्याच्या हवाली केली पाहिजे, ही मागणी आपल्या ग्राहक-चळवळीने हाती घ्यावी. आज ती खेळांपुरती वाटेल. उद्या शाळेची पाठ्यपुस्तके, दवाखान्यातील यंत्रे आणि शेतकऱ्याचा ट्रॅक्टर यांच्यावरही हीच कुलपे दिसतील. ट्रॅक्टरच्या बाबतीत तर अमेरिकेतील शेतकरी हा झगडा आधीच देत आहेत.

तिसरा निष्कर्ष सार्वजनिक स्मृतीचा. १९५४ च्या कायद्याने आपण ठरवले की देशात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात आणि अन्य तीन ग्रंथालयांत, त्यांपैकी एक आपल्या मुंबईत, जमा झालीच पाहिजे. पुस्तक खपो न खपो, ते राष्ट्राच्या ठेव्यात राहावे, हा त्यामागचा विचार. संगणकावर निर्माण होणाऱ्या कृती, मग ते खेळ असोत, शब्दकोश असोत की मुलांची मराठी शिकवणारी साधने असोत, यांना असे घर नाही. स्वयंसेवकांनी आणि एका परदेशी दुकानाने जेवढे वाचवले तेवढे वाचले. हे काम ग्रंथालयांचे आहे, आणि ते करण्याची मुभा व पैसा त्यांना देणे हे शासनाचे काम आहे.

ग्झिबोव्स्का रस्त्यावरच्या बाजारातील तरुणांना कायदा नव्हता तेव्हा प्रत हवी होती. कायदा आला तेव्हा त्यांना हक्क हवे होते. आज त्यांच्या ग्राहकांना हवी आहे ती साधी गोष्ट : पैसे देऊन घेतलेली वस्तू आपली असावी. खाजगी मालमत्तेचे पावित्र्य आपल्याला रोज सांगणाऱ्या कंपन्यांनी सामान्य माणसाची ही छोटी मालमत्ता मात्र पवित्र मानलेली नाही. ती मिळवून देण्यासाठी बोलणे हे आपले काम आहे, आणि त्यासाठी आपण कोणाच्या परवान्याची वाट पाहू नये.